डेकवरची वाटी: मनी, रॅकून आणि रेबीजचे कागद (प्रकरण अभ्यास)

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते आणि या कुटुंबाशी माझी ओळख महाराष्ट्र मंडळातून झाली. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, मांजरीचं नावही. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

घर मध्य न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास. मागे लाकडी डेक (घराला लागून असलेला फळ्यांचा ओटा), त्यापलीकडे थोडी झाडी आणि पावसाचं पाणी वाहून नेणारा ओढा. घरात नोकरी करणारे मुलगा-सून, तीन वर्षांचा नातू आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी. शिवाय मनी. या मांजरीला आदल्या वर्षी वसंतात शेल्टरमधून (बेवारस जनावरांच्या आश्रयघरातून) आणलं होतं आणि ठरवून घरातच ठेवलं होतं.

आजी आल्या आणि हा नियम आठवडाभरात मोडला. "मांजर काय कोंडून ठेवायची असते?" हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला उत्तर द्यायला दिवसा घरी कोणी नव्हतं. मनी डेकवर जाऊ लागली. संध्याकाळी तिथेच दूध-पोळीची वाटी आणि कोरड्या खाण्याची ताटली. मनीने टाकलेलं तसंच राहायचं आणि सकाळी ताटली चाटूनपुसून साफ असायची. आजींनी एकदा सुनेला सांगितलंही होतं, की रात्री आणखी एक मांजर येते, बरीच धष्टपुष्ट, शेपटीला पट्टे आहेत. सून लॅपटॉपवर होती. तिने नुसतं "हं" म्हटलं.

ती मांजर अर्थातच रॅकून होती. हा उत्तर अमेरिकेचाच प्राणी, मुळात ओढ्याकाठचा, पण माणसांच्या वस्तीत छान रुळलेला. पूर्ण वाढलेला रॅकून मांजरीच्या दुपटीइतका जड भरू शकतो. त्याच्या पुढच्या पंजांची पाच बोटं इतकी संवेदनशील असतात की अंधारात तो चाचपून अन्न शोधतो, झाकणं उघडतो, साध्या कड्या काढतो. खाण्यात नखरा नाही: बेडूक, अंडी, मका, कचऱ्यातला पिझ्झा, दूध-पोळी.

एक गैरसमज आधीच दूर करते. रॅकून मांजरीची शिकार करायला टपलेला नसतो. एका आवारात दोघांचा वावर असला तर ते बहुतेक वेळा एकमेकांना टाळतात. एकाच ताटलीत ओळीने खाताना मी पाहिले आहेत. जुंपते ती मुख्यतः दोन कारणांनी: अन्न आणि पिल्लं. या डेकवर दोन्ही होतं.

घटना

मे महिन्याचा शेवट, दिवेलागणीच्या आधीची वेळ, बाहेर चांगला उजेड. मनी ताटलीवर होती. डेकच्या फळ्यांखालून रॅकून वर आली आणि काही सेकंदांत दोघींची झुंज झाली. आजी स्वयंपाकघरात कैरी चिरत होत्या. त्यांनी स्टीलचं ताट आणि लाटणं उचललं आणि दारात उभं राहून असा काही गजर केला की रॅकून परत फळ्यांखाली गेली. हे त्यांनी उत्तम केलं. मध्ये हात घातला नाही, काठी घेऊन धावल्या नाहीत, आवाज केला.

पुढचं मात्र कोणीही मांजरवाला करील तसं झालं. त्यांनी थरथरणाऱ्या मनीला उचलून पोटाशी धरलं, पदराने तिची मान पुसली. मान ओली होती. आणि थोड्याच वेळापूर्वी विळीवर आजींचं बोट कापलं होतं. (साताऱ्याहून घडीची विळी बॅगेत घालून आणणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत आणि शेवटच्याही नसतील.) जखमेवर हळद चेपलेली होती, पण रक्त पुरतं थांबलेलं नव्हतं.

अडचण नेमकी कुठे होती

सून घरी आली तेव्हा मनीच्या मागच्या पायावर दोन बारीक छिद्रं दिसत होती, बाकी मांजर ठीक. मुलाचं पहिलं मत असं होतं की दोन ओरखडे आहेत, उद्या दवाखान्यात नेऊ. इथे हे प्रकरण सहज वाटेल तसं वळलं असतं. वळलं नाही याचं कारण सुनेने फोन केला. तिने मला फोटो पाठवला आणि मी तिला इमर्जन्सी पशुवैद्यकाकडे पाठवलं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रॅकूनमध्ये रेबीजचा स्वतंत्र प्रकार मुरलेला आहे. तो आधी फ्लोरिडाच्या बाजूला होता. १९७० च्या दशकात शिकारीसाठी दक्षिणेकडून रॅकून पकडून व्हर्जिनिया-वेस्ट व्हर्जिनियाच्या भागात सोडले गेले, त्यांच्याबरोबर विषाणूही आला आणि तिथून उत्तरेकडे पसरला. १९८९ मध्ये तो न्यू जर्सीत पोहोचला. तेव्हापासून या राज्यात पाळीव प्राण्यांमध्ये रेबीजच्या ज्या केसेस सापडल्या त्यांतल्या सुमारे ९० टक्के मांजरींच्या आहेत, कुत्र्यांच्या नव्हेत. आपल्या डोक्यात रेबीज म्हणजे पिसाळलेलं कुत्रं, आणि भारतात ते खरंच आहे. इथे मोकळी फिरणारी मांजर हा जंगल आणि घर यांच्यामधला दुवा असतो.

दिवसाउजेडी आलेली रॅकून रेबीजचीच असणार, असं शेजाऱ्यांनी ठासून सांगितलं. ते तसं नाही. पिल्लं पाजणारी मादी भुकेपोटी दिवसाही बाहेर पडते. झोकांड्या खाणं, मागचे पाय ओढणं, लाळ गळणं, उगाच अंगावर येणं ही खरी धोक्याची लक्षणं. त्यातही रॅकूनला होणारा डिस्टेंपर, हा दुसराच एक विषाणूजन्य आजार, हुबेहूब असाच दिसतो. आजींनी पाहिलेली मादी चपळ होती आणि हाकलल्यावर पळाली. म्हणजे शक्यता कमी. पण चावणारा जंगली प्राणी हाती लागला नाही, तर त्याला रेबीज असू शकतो असं धरूनच पुढचं ठरतं.

मग मुलाने तो प्रश्न विचारला जो मराठी घरात हमखास येतो: "दहा दिवस लक्ष ठेवलं की झालं ना?"

नाही. दहा दिवसांचा नियम चावणाऱ्या कुत्र्या-मांजरासाठी आहे. विषाणू लाळेत उतरतो तो लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. म्हणून चावताना लाळेत विषाणू असेल तर ते जनावर दहा दिवसांत आजारी पडतं किंवा मरतं. मनी चावलेली नव्हती, तिला चावलेलं होतं. तिच्या अंगात विषाणू गेलाच असेल तर तो नसांमधून मेंदूपर्यंत पोहोचायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. दहाव्या दिवशी धडधाकट असलेली मनी काहीच सिद्ध करत नाही. आणि आजींचा प्रश्न मनीच्या तब्येतीचा नव्हताच. मनीच्या मानेवरची ती ओल रॅकूनच्या लाळेची होती का, आणि ती उघड्या जखमेत गेली का, हा होता.

मनीबद्दलचा निर्णय

अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातल्या पशुवैद्यकांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा मांजरीचं भवितव्य तिच्या लसीच्या कागदावर ठरतं. लस चालू असेल तर ताबडतोब बूस्टर आणि ४५ दिवस घरी मालकाच्या नजरेखाली. मुदत संपली असेल पण आधीच्या लसीचा पुरावा असेल तरी तेच. कधीच लस नसेल तर दोन वाटा: मारणं, किंवा लस देऊन चार महिने कडक विलगीकरण. मुदत संपलेली आणि पुरावाही नाही, अशी मांजर लस नसलेल्यांत जाऊन बसण्याचा धोका असतो.

मनीला शेल्टरने लस दिली होती. पहिली लस एकाच वर्षाची धरतात आणि ते वर्ष नुकतंच उलटलं होतं. दवाखान्याचं स्मरणाचं कार्ड फ्रिजवर चुंबकाखाली होतं. गळ्यातला अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला होता, पण बिल्ला पुरावा मानत नाहीत. पशुवैद्यकाच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. ते सापडेना, आणि शेल्टर रात्री बंद.

इथे पशुवैद्यकांनी केलेली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या कागदाची वाट पाहत बसल्या नाहीत. मनी कुठल्या गटात पडते ते उद्या ठरेल, लस आज देऊ, असं म्हणून त्यांनी बूस्टर टोचला. लस ९६ तासांच्या आत दिलेली असणं पुढे कुठल्याही गटात उपयोगीच पडतं. केस काढून जखमा धुतल्या, अँटिबायोटिक सुरू केलं. सगळं हातमोजे घालून, आणि घरच्यांनाही हातमोजे दिले.

दुसऱ्या दिवशी शेल्टरकडून प्रमाणपत्राची प्रत आली. स्थानिक हेल्थ डिपार्टमेंटने चार महिन्यांऐवजी ४५ दिवसांचं निरीक्षण ठरवलं. एका कागदाचा फरक. तोही नशिबाने मिळालेला.

आजींबद्दलचा निर्णय

हा जास्त अवघड होता आणि यावर घरात आजही एकमत नाही.

सुनेने आल्याआल्या आजींचा हात साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला लावला. हळद धुऊन टाकली, पुन्हा लावू दिली नाही. रेबीजच्या शंकेत जखमेवर हळद, चुना, तिखट यांतलं काहीही लावायचं नसतं; धुणं हाच पहिला उपचार. आजी यावर रुसल्या होत्या.

इमर्जन्सी रूममध्ये डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी रेबीजची लस घेतली आहे का? आजी विजयी मुद्रेने म्हणाल्या, "चौदा! पोटात!" लहानपणी गावात कुत्रं चावलं होतं तेव्हाची. मुलाला हायसं वाटलं, कारण पूर्वी पूर्ण लस घेतलेल्या माणसाला आता फक्त दोनच डोस लागतात, पहिला लगेच आणि दुसरा तीन दिवसांनी, आणि महागडं इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागत नाही.

पण पोटातली ती इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लसीची. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला १९११ च्या सुमारास तयार केलेली ही लस भारतात जवळजवळ शतकभर चालली आणि २००४ च्या अखेरीस तिचं उत्पादन थांबलं. आजचा दोन डोसांचा नियम फक्त पेशींवर वाढवलेल्या आधुनिक लसींना लागू होतो. त्यामुळे आजींची चौदा इंजेक्शनं हिशेबात धरली गेली नाहीत. हे त्यांना समजावणं सुनेच्या वाट्याला आलं. रेबीजच्या भीतीने एका पिढीने सोसलेली ती सर्वांत मोठी वेदना होती, आणि कोणीतरी पोरगेला डॉक्टर ती शून्य धरत होता.

पर्याय तीन होते. एक, संपर्क नगण्य समजून काहीच न करणं: लाळ सुकली की विषाणू टिकत नाही, आणि मांजरीच्या अंगावरून माणसाला रेबीज होणं फार दुर्मीळ. दोन, रॅकून पकडून तपासणं. तीन, पूर्ण उपचार: इम्युनोग्लोब्युलिन, आणि लसीचे चार डोस, शून्य, तीन, सात आणि चौदा दिवसांवर.

दुसरा पर्याय ऐकायला सोपा. रेबीजची तपासणी मेंदूच्या पेशींवर होते, म्हणजे रॅकून मारावी लागते. निकाल 'नाही' आला तर आजींचा सगळा उपचार टळला असता. अ‍ॅनिमल कंट्रोलचा अधिकारी दुसऱ्या दिवशी येऊन गेला. त्याने डेकखाली बॅटरी टाकली तेव्हा पिल्लांचा चिरचिर आवाज आला. पिंजऱ्यात सापडेल ती हीच कशावरून, याची खात्री तो देऊ शकत नव्हता. ओढ्याकाठी रॅकून अनेक. चुकीच्या रॅकूनचा 'नाही' निकाल तर उलट घातक, कारण आपण निर्धास्त होतो.

डॉक्टरांनी हेल्थ डिपार्टमेंटशी बोलून तिसरा पर्याय सुचवला. फर ओली होती, जखम ताजी होती, आणि रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर उपाय जवळजवळ नसतो. इथे हा उपचार काही हजार डॉलरच्या घरात जातो. साताऱ्यात सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, हे आजींनी बिलाचा आकडा ऐकल्यावर सर्वांना ऐकवलं. पाहुण्यांच्या विम्याने त्यातला मोठा भाग नंतर दिला.

इम्युनोग्लोब्युलिन वजनाच्या दर किलोला २० युनिट असं मोजतात आणि जमेल तेवढं जखमेतच भरतात. बोटात ते फार मावत नाही आणि दुखतं. उरलेलं मांडीत दिलं. लस दंडात. "पोटात नाही?" असं आजींनी दोनदा विचारलं.

माझं मत विचाराल तर निर्णय योग्य होता, पण दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला पर्याय निवडला असता तर मी त्यांना बेजबाबदार म्हटलं नसतं. ओली मान लाळेने ओली होती की दुधाने, हे कोणालाच सांगता येत नाही.

डेकखालच्या मंडळींचं काय केलं

मुलाला रॅकून त्याच दिवशी हटवायची होती. पकडून लांबच्या जंगलात सोडू, ही त्याची कल्पना. रेबीज उत्तरेत आला तो नेमका अशाच उचलून सोडलेल्या रॅकूनबरोबर, त्यामुळे परवान्याशिवाय हे करता येत नाही. आई नेली आणि पिल्लं राहिली तर ती डेकखाली मरतात. डेकखाली शिरायची वाट नुसती बंद केली तर आई फळ्या उचकटते.

शेवटी त्यांनी बाहेरचं खाणं पूर्ण बंद केलं, नातवाला डेकवर बंदी घातली, आणि फळ्यांखाली दिवा आणि माणसांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण लावलं. मादीला जागा नकोशी झाली की ती पिल्लं एकेक करून तोंडात धरून दुसऱ्या बिळात नेते. तिची एकाहून जास्त ठिकाणं ठरलेली असतात. आजींनी जुन्या फोनवर कीर्तन लावून दिलं. ते आठवडाभर चाललं. कीर्तनाने काम केलं की रिकाम्या ताटलीने, सांगता येत नाही; मला ताटलीवर जास्त विश्वास आहे. डेकखाली काही हालचाल नाही याची खात्री झाल्यावर चहूबाजूंनी जाड तारेची जाळी बसवली आणि तिची खालची कड बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरली, म्हणजे खणणाऱ्याचा पंजा जाळीवरच अडतो.

जाळी बसवताना ग्रिलच्या मागे रॅकूनच्या विष्ठेचा ढीग सापडला. ते एकाच जागी शौच करतात. त्या विष्ठेत एका गोलकृमीची अंडी असू शकतात. ती दोन ते चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तोंडात बोटं घालणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही गोष्ट रेबीजइतकीच गंभीर घ्यायला हवी, कारण अळ्या मेंदूत आणि डोळ्यांत जाऊ शकतात. ब्लीचने ही अंडी मरत नाहीत, उष्णतेने मरतात. मास्क आणि हातमोजे घालून ढीग पिशवीत बांधला आणि फळ्यांवर उकळतं पाणी ओतलं.

परिणाम

तिसऱ्या दिवशी मनीच्या पायाला गळू झालं. दाताची छिद्रं बारीक आणि खोल, वरून लगेच मिटतात आणि आत पू साठतो. गळू फोडून साफ केलं, ते भरलं. पंचेचाळीस दिवस ती तळघरात वेगळ्या खोलीत होती, एकच माणूस खायला घालायचा. मुदत संपली तेव्हा ती ठणठणीत होती.

आजींचे चारही डोस पूर्ण झाले. चौथ्याच्या आधी एक वाद झाला. संध्याकाळी कुंपणावरून एक रॅकून गेली, कानाला खाच असलेली, आणि आजी ठाम: "तीच ती." म्हणजे ती जिवंत आहे, धडधाकट आहे, मग शेवटची सुई कशाला? डॉक्टरांनी ऐकलं नाही. लांबून पाहिलेली ओळख पुरेशी नाही, आणि कुत्र्या-मांजराचा दहा दिवसांचा नियम जंगली प्राण्याला लावत नाहीत. त्यांच्या लाळेत विषाणू किती दिवस आधीपासून असतो हे तितकं पक्कं ठाऊक नाही. आजींनी डोस घेतला, पण पटलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त वळण घटनेच्या कितीतरी आधी होतं: आजींनी पट्ट्यांच्या शेपटीची मांजर सांगितली तो दिवस. त्या दिवशी ताटली आत घेतली असती तर मादीने डेकखालची जागा धरली असतीच असं नाही, आणि मनीशी तिची गाठ पडण्याचं कारणही उरलं नसतं. पाहुण्या आलेल्या मोठ्या माणसांना इथली जनावरं दाखवून ठेवायला हवीत. रॅकून, स्कंक, ग्राउंडहॉग. त्यांना साताऱ्यातलं रानमांजर आणि मुंगूस ओळखता येतं, इथलं कसं येईल?

बूस्टरची तारीख चुकली नसती तरी ४५ दिवस चुकले नसते, हे खरं. पण प्रमाणपत्र मिळालं नसतं तर चार महिने पडले असते. आता त्याचा फोटो तिघांच्या फोनमध्ये आहे. आजींच्या नव्या लसीचा कागद त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटात आहे. यापुढे कुत्रं चावलं तर त्यांना दोनच डोस लागतील, आणि हे साताऱ्यातल्या डॉक्टरांना दाखवायला त्यांना तो लागेल.

झुंजीनंतर मांजर उघड्या हातांनी न उचलता जाड टॉवेल टाकून उचलायला हवी होती. हे सांगणं सोपं आहे. प्रत्यक्षात दारामागे जुना टॉवेल आणि हातमोज्यांची जोडी टांगलेली असेल तरच तसं घडतं, म्हणून आता तिथे खुंटी आहे.

मनीने बाहेर जावं की नाही, हा प्रश्न घरात अजून मिटलेला नाही. मुलाने डेकच्या एका कोपऱ्याला जाळी मारून तिच्यासाठी बंदिस्त जागा केली आहे. आजी फोनवरून विचारतात, तिला पिंजऱ्यात कशाला घातलंत.